तीन सारखी वाचनं आणि एक चुकीचं उत्तर

बारावीच्या रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक आठवून पाहा. स्टँडला लावलेली ब्युरेट, शंकूपात्राखाली पांढरी टाइल आणि वहीत आखलेला तक्ता : पहिलं वाचन, दुसरं वाचन, तिसरं वाचन. तिन्ही वाचनं सारखी यायला हवीत असा दंडक. आमची ती आपणहून कधीच सारखी येत नसत. मग शेजारचा मित्र हळूच सांगायचा, "नऊ पॉइंट आठ लिही, सगळ्यांचं तेच आहे." आम्ही तेच लिहायचो. गुण मिळायचे.

पुढे शिकवायला लागल्यावर हाच तक्ता विद्यार्थ्यांच्या वहीत दिसू लागला आणि आम्हाला अस्वस्थ करू लागला. वाचनं जुळवणं ही लबाडी आहे, हे तर खरंच. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळाच होता. समजा एखाद्यानं अगदी प्रामाणिकपणे काम केलं आणि तिन्ही वाचनं खरोखरच सारखी आली, तर उत्तर बरोबर आहे असं म्हणता येईल का?

या लेखात आपण हा प्रश्न एका साध्या वस्तूच्या आधारानं सोडवू या. ती प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे : मीठ.

कस आणि कसोटी

एखाद्या पदार्थाचं द्रावणातलं किंवा मिश्रणातलं प्रमाण, म्हणजे त्याची संहती, आपल्याला थेट दिसत नाही. लांबी मोजायला पट्टी लावता येते. पण पेलाभर पाण्यात किती मीठ विरघळलं आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. मग करायचं काय? ज्याचं प्रमाण ठाऊक आहे अशा दुसऱ्या कशाशी तरी त्याची तुलना करायची.

सोनार हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी ठाऊक असलेल्या शुद्धतेचं सोनं घासायचं आणि दोन रेघा ताडून पाहायच्या. दगड स्वतः काहीच सांगत नाही. सांगते ती शेजारची रेघ. ती खोट्या सोन्याची असेल तर सोनाराची नजर कितीही तयार असली तरी कस चुकणारच.

गंमत म्हणजे 'टायट्रेशन' या शब्दाचं मूळही इथेच आहे. फ्रेंच भाषेत 'तित्र' म्हणजे सोन्याचांदीचा कस. आपण त्याला अनुमापन म्हणतो. ही पद्धत पहिल्यांदा रूढ झाली ती मात्र सोन्यासाठी नव्हे, कापडासाठी. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये कापड पांढरं करायला क्लोरीनचं द्रावण वापरायला सुरुवात झाली. द्रावण कमी तीव्र झालं तर कापड पिवळट राहायचं, जास्त झालं तर धागा कुजायचा. रुआँ शहरातल्या देक्रुआझी नावाच्या रसायनज्ञानं यावर एक युक्ती काढली. ठरावीक तीव्रतेच्या निळीच्या द्रावणाचा रंग घालवायला क्लोरीनचं द्रावण किती लागतं, ते खुणा केलेल्या नळीनं मोजायचं. कमी द्रावणात रंग गेला तर ते तीव्र, जास्त लागलं तर सौम्य. ही नळी म्हणजे आजच्या ब्युरेटची आजी. 'ब्युरेट' आणि 'पिपेट' ही नावं पुढे १८२४ मध्ये गे-ल्यूसॅक यानं रूढ केली.

म्हणजे संहती मोजणं ही सुरुवातीपासून तुलनाच आहे. हे पक्कं ध्यानात ठेवून आता मिठाकडे वळू.

मिठाच्या पिशवीत काय दडलंय?

आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला तिचं संप्रेरक तयार करायला आयोडीन लागतं. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या सहा हजाराव्या भागापेक्षाही थोडी कमी. एवढंसं आयोडीन मिळालं नाही तर ग्रंथी सुजते आणि गलगंड होतो. गलगंड निदान दिसतो तरी. न दिसणारं नुकसान अधिक मोठं असतं. गरोदरपणी आईला आयोडीन कमी पडलं, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढे भरून काढता येत नाही.

एके काळी हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार समजला जात असे. पुढच्या पाहण्यांमध्ये तो देशाच्या इतर भागांतही आढळला, महाराष्ट्रातले काही जिल्हेही त्यात आले. उपाय स्वस्त आणि सोपा होता : मिठात आयोडीन मिसळणं. आपल्याकडे ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात मिसळतात, कारण दमट हवेतही हे संयुग बरंच टिकतं. आयोडीन न मिसळलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६ साली देशभर बंदी आली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असायला हवं, असा नियम आहे. म्हणजे एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम.

हा १५ चा आकडा आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. त्याच्या वर असलेलं मीठ पास, खाली असलेलं नापास. पण कारखान्यातून निघालेलं मीठ गोदामात, मालगाडीत, दुकानात आणि शेवटी आपल्या उघड्या बरणीत राहतं. ओल लागली की आयोडेट ओलाव्याबरोबर खाली उतरतं, काही नाहीसं होतं. म्हणून पिशवीवर काय छापलं आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. आत किती आहे ते मोजावं लागतं.

बटाट्याच्या फोडीवर निळा रंग का येत नाही?

आयोडीन आणि स्टार्च एकत्र आले की गडद निळा रंग येतो, हे आपण शाळेत शिकवतो. मग आयोडीनयुक्त मीठ बटाट्याच्या फोडीवर टाकलं तर ती निळी व्हायला हवी. करून पाहा. होत नाही! काही चौकस मुलं हा प्रयोग घरी करतात आणि 'मिठात आयोडीन नाहीच' असा निष्कर्ष घेऊन वर्गात येतात.

त्यांचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष चुकतो. मिठात सुटं आयोडीन नसतं, आयोडेट असतं आणि आयोडेट स्टार्चला निळं करत नाही. आधी त्यातून आयोडीन मोकळं करावं लागतं. त्यासाठी मिठाच्या द्रावणात थोडं आम्ल आणि भरपूर पोटॅशियम आयोडाइड घालायचं. आयोडेट आणि आयोडाइड यांची आम्लात अभिक्रिया होते आणि सुटं आयोडीन तयार होतं.

इथे निसर्गानं आपल्याला एक सवलत दिली आहे. आयोडेटचा एक आयन पाच आयोडाइड आयनांबरोबर अभिक्रिया करतो आणि आयोडीनचे तीन रेणू, म्हणजे सहा अणू मोकळे होतात. मिठातल्या एका अणूच्या जागी मोजायला सहा मिळाले! इतक्या थोड्या आयोडीनचं अनुमापन साध्या ब्युरेटनं करता येतं ते याच सहापट वाढीमुळे.

गावोगाव मीठ तपासायला छोट्या बाटलीतला संच वापरतात. त्यातही असंच द्रावण असतं. चिमूटभर मिठावर एक थेंब टाकला की निळाजांभळा रंग येतो आणि तो छापील रंगपट्टीशी ताडून पाहायचा असतो. आयोडीन आहे की नाही, एवढं या संचावरून चांगलं कळतं. किती आहे ते मात्र खात्रीनं कळत नाही, कारण रंगाची छटा पाहणाऱ्याच्या डोळ्यावर, उजेडावर आणि थेंबाच्या आकारावर अवलंबून असते. त्यातून मीठ अल्कधर्मी असेल तर आयोडीन असूनही रंग येत नाही. 'आहे का?' आणि 'किती आहे?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना वेगळ्या पद्धती लागतात, हे मुलांना दाखवायला हा संच उत्तम आहे.

प्रत्यक्ष कृती

'किती'चं उत्तर देणारं अनुमापन कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहज करता येतं. माध्यमिक शाळेत शिक्षकांनी करून दाखवावं.

पिशवीतलं मीठ आधी नीट हलवून घ्या. दहा ग्रॅम मीठ एकाच कोपऱ्यातून न घेता चार-पाच ठिकाणांहून घ्या. भाताचं एक शीत दाबून अख्खा भात शिजला का ते कळतं, कारण सगळ्या भाताला सारखा वाफारा मिळालेला असतो. मिठाच्या पिशवीत आयोडेट सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

हे मीठ ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. त्यात १ मिलिलिटर सौम्य सल्फ्युरिक आम्ल घाला. (९० मिलिलिटर पाण्यात ६ मिलिलिटर तीव्र आम्ल हळूहळू ओतून, निवल्यावर १०० मिलिलिटर करायचं. हे काम शिक्षकांनीच करावं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही.) मग १० टक्के पोटॅशियम आयोडाइडचं ५ मिलिलिटर द्रावण घाला. द्रावण पिवळं होईल. पात्र झाकून दहा मिनिटं अंधारात, कपाटात ठेवा. उजेडात हवेतला ऑक्सिजन आयोडाइडपासून जास्तीचं आयोडीन तयार करतो, ते आपल्याला नको आहे.

आता ब्युरेटमध्ये सोडियम थायोसल्फेटचं, म्हणजे पूर्वी फोटोच्या डार्करूममध्ये वापरत त्या हायपोचं ०.००५ नॉर्मल द्रावण भरा. एक लिटर पाण्यात १.२४ ग्रॅम हायपो घातला की ते तयार होतं. हे पाणी आधी उकळून निववलेलं असावं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत जा. पिवळा रंग अगदी फिका झाला की स्टार्चचं ताजं द्रावण घाला. द्रावण निळं होईल. निळा रंग पूर्ण जाईपर्यंत पुन्हा थेंब थेंब सोडा. स्टार्च सुरुवातीलाच का घालायचं नाही? आयोडीन भरपूर असताना स्टार्च ते घट्ट धरून ठेवतं, सावकाश सोडतं आणि अंत्यबिंदू फसवा होतो.

हिशोब सोपा आहे. दहा ग्रॅम मिठासाठी हायपोचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे दशलक्षात १०.५८ भाग आयोडीन. दोन मिलिलिटर लागला तर साधारण २१ भाग.

तीनदा दीड

समजा एका विद्यार्थिनीनं दुकानातून आणलेलं मीठ तपासलं. तिची तीन वाचनं आली : १.५, १.५, १.५. एकही जुळवलेलं नाही. १.५ गुणिले १०.५८ म्हणजे १५.९. नियम किमान १५ चा. मीठ पास!

आता आपण तिला दोन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : मीठ नसतं तरी हायपो लागला असता का? हे पाहायला ती सगळं काही पुन्हा तसंच करते, फक्त आणलेल्या मिठाऐवजी प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड घेते. याला कोरी चाचणी म्हणतात. अंधारात दहा मिनिटं ठेवल्यावर द्रावण अगदी किंचित पिवळं दिसतं आणि ०.१ मिलिलिटर हायपो खर्च होतो. हे आयोडीन आलं कुठून? पोटॅशियम आयोडाइडची बाटली जुनी होती, तिच्यात थोडं आयोडीन आधीच सुटं झालेलं होतं. ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी घेतलं असतं तर त्यातल्या क्लोरीननंही हेच केलं असतं. म्हणजे १.५ पैकी ०.१ मिठाचे नव्हेतच. उरले १.४. गुणिले १०.५८ म्हणजे १४.८.

दुसरा प्रश्न : हायपोच्या बाटलीवर ०.००५ लिहिलं आहे, पण ते खरोखर तेवढं आहे का? हायपोच्या स्फटिकांमध्ये पाणी असतं आणि हवेप्रमाणे ते कमीजास्त होतं. द्रावण ठेवून दिलं की जिवाणू ते हळूहळू खातात. म्हणून त्याचाही कस लावावा लागतो. यासाठी शुद्ध, कोरडं आणि भरवशानं तोलता येणारं पोटॅशियम आयोडेट घ्यायचं. ०.१०७ ग्रॅम आयोडेट एक लिटरमध्ये असेल तर त्या प्रमाण द्रावणाच्या १० मिलिलिटरसाठी ०.००५ नॉर्मल हायपो बरोबर ६.० मिलिलिटर लागला पाहिजे. (शाळेच्या तराजूवर ०.१०७ ग्रॅम नीट तोलता येत नाही. त्यापेक्षा १.०७ ग्रॅम तोलून एक लिटर करा आणि त्यातलं १० मिलिलिटर पिपेटनं घेऊन १०० मिलिलिटर करा.) आपल्या विद्यार्थिनीला, कोरी चाचणी वजा केल्यावर, ६.३ लागले. म्हणजे तिचा हायपो बाटलीवर लिहिल्यापेक्षा पातळ होता. तिच्या उत्तराला ६.० भागिले ६.३ नं गुणायला हवं. १४.८ चे झाले १४.१.

मीठ नापास!

वाचनं तिन्ही वेळा सारखी होती, हात स्थिर होता, डोळा चोख होता. पण प्रत्येक वेळी तोच जुना आयोडाइड आणि तोच पातळ हायपो वापरला गेला, म्हणून प्रत्येक वेळी तीच चूक झाली. शाळेचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर प्रार्थना रोज न चुकता एकाच वेळी होते, पण ती वेळ बरोबर नसते. वाचनं एकमेकांशी जुळतात याचा अर्थ एवढाच की प्रत्येक वेळी आपण काम सारखंच केलं. उत्तर खऱ्याशी जुळतं का, हे वाचनं आपसांत ठरवू शकत नाहीत. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो. कोरी चाचणी हा एक साक्षीदार, प्रमाण द्रावण हा दुसरा.

तिसराही एक आहे. शुद्ध सोडियम क्लोराइडच्या द्रावणात आपणच मोजून आयोडेट घालायचं आणि ते परत सापडतं का ते पाहायचं. वरच्या प्रमाण द्रावणाचं ३ मिलिलिटर घातलं तर हायपो १.८ मिलिलिटर लागला पाहिजे, म्हणजेच १९ भाग. कोरी चाचणी आणि हायपोचा कस जमेस धरूनही १.४ च लागला, तर मिठात दोष नाही, आपल्या पद्धतीतच कुठेतरी गळती आहे. संशोधनाच्या प्रयोगशाळांमध्ये एखादी नवी पद्धत स्वीकारण्यापूर्वी ही परीक्षा घेतात.

आणि एक. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर सर्वांत लहान खूण ०.१ मिलिलिटरची असते. आपल्या हिशोबात ती जवळपास एक भागाइतकी आहे. तेव्हा या ब्युरेटनं काढलेलं उत्तर '१४.११' असं लिहिणं म्हणजे भाजीच्या काट्यावर सोनं तोलून गुंजांमध्ये वजन सांगण्यासारखं आहे. 'सुमारे १४' हेच खरं उत्तर. शक्य असेल तर १० मिलिलिटरची बारीक खुणांची ब्युरेट घ्यावी.

थेंबाच्या पाचव्या हिश्श्याचं काय करायचं?

मिठात आयोडीन आहे एवढ्यानं काम संपत नाही. ते माणसांच्या शरीरात पोचलं का? खाल्लेल्या आयोडीनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लघवीतून बाहेर पडतं. म्हणून लघवीतलं आयोडीन मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार शाळकरी मुलांच्या नमुन्यांचा मध्यक लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर त्या वस्तीला आयोडीन पुरेसं मिळतं आहे. एकट्या मुलाच्या एका नमुन्यावरून निदान करत नाहीत, कारण त्याचं प्रमाण दिवसागणिक बदलतं. नमुने बहुधा शाळेतूनच गोळा करतात. शिक्षकांच्या मदतीशिवाय हे काम होत नाही.

आपल्या ब्युरेटनं हे मोजता येईल का? दहा मिलिलिटर लघवीत अवघं एक मायक्रोग्रॅम आयोडीन. त्याला हायपो लागेल सुमारे ०.०१ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाचा पाचवा हिस्सा! अनुमापन इथे हात टेकतं.

यासाठी सँडेल आणि कोल्थॉफ या दोघांनी १९३० च्या दशकात एक सुंदर पद्धत शोधली. चतु:संयुजी सिरियमचं द्रावण पिवळं असतं. आर्सेनियस आम्ल त्याचा रंग घालवतं, पण फार सावकाश. आयोडाइडचा अंश मिसळला की तो उत्प्रेरकाचं काम करतो आणि रंग भराभर उडू लागतो. आयोडीन जितकं जास्त तितका रंग लवकर उडतो. उत्प्रेरक स्वतः संपत नसल्यामुळे त्याचा चिमूटभर अंशही पुष्कळ रंग घालवतो. म्हणजे इथे आयोडीन किती हे आपण ते किती वेगानं काम करतं त्यावरून ओळखतो. (आर्सेनिक विषारी आहे. हा प्रयोग शाळेत करायचा नाही.)

ठरावीक वेळानंतर किती पिवळा रंग उरला ते वर्णमापकानं मोजतात. त्यामागचं तत्त्व आपण चहाच्या पेल्यातही पाहू शकतो. काचेच्या पेल्यातला कोरा चहा बाजूनं पाहिला तर फिका, वरून पाहिला तर गडद दिसतो, कारण वरून पाहताना प्रकाशाला द्रावणातून जास्त अंतर कापावं लागतं. अंतर वाढवलं काय किंवा संहती वाढवली काय, प्रकाश तितकाच जास्त शोषला जातो. बूगे (१७२९), लँबर्ट (१७६०) आणि बेअर (१८५२) यांच्या कामातून हा नियम पूर्ण झाला.

पण वर्णमापकाचा काटाही 'आयोडीन इतकं' असं सांगत नाही. म्हणून नमुन्याबरोबर ठाऊक संहतीच्या परीक्षानळ्यांची रांग लावतात : ०, ५०, १००, २००, ३०० मायक्रोग्रॅम. त्यांच्या वाचनांचा आलेख काढतात आणि नमुन्याचं वाचन त्या आलेखावर टेकवून संहती वाचतात. रांगेतली शून्याची नळी म्हणजे आपली कोरी चाचणीच. नमुना ३०० च्या पलीकडे गेला तर आलेखाची रेघ अंदाजानं पुढे ओढायची नाही, नमुना पातळ करून पुन्हा मोजायचा. तसंच, लघवीतले इतर पदार्थही या अभिक्रियेत ढवळाढवळ करतात. म्हणून आधी नमुना रसायनांबरोबर तापवून ते नष्ट करावे लागतात.

आज मोठ्या प्रयोगशाळांमध्ये अणूंना त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे वेगळं करून मोजणारी महागडी यंत्रं आहेत. त्यांना लिटरमागे मायक्रोग्रॅमचे अंशही दिसतात. पण नमुने तपासण्यापूर्वी या यंत्रासमोरही कोरं द्रावण आणि प्रमाण द्रावणांची रांग ठेवावी लागते. कसोटीच्या दगडावरची शेजारची रेघ अजून सुटलेली नाही.

कांग्रा खोऱ्यातली 'कोरी चाचणी'

शेवटी एक मोठा प्रयोग सांगतो. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. एका विभागात आयोडाइड मिसळलेलं मीठ पुरवलं, दुसऱ्यात आयोडेट मिसळलेलं आणि तिसऱ्यात साधं. वेळोवेळी शाळकरी मुलांचे गळे तपासले. १९६२ पर्यंत आयोडीनच्या दोन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण ठळकपणे उतरलं. साध्या मिठाच्या विभागात ते जवळजवळ तसंच राहिलं. त्यानंतर त्याही विभागाला आयोडीनयुक्त मीठ दिलं गेलं. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमही १९६२ सालचाच.

साध्या मिठाचा विभाग नसता तर? गलगंड कमी झाला हे दिसलं असतं, पण तो आयोडीनमुळे कमी झाला असं कशावरून? आहार सुधारला असेल, बाहेरचं धान्य येऊ लागलं असेल, तपासणाऱ्यांची नजर बदलली असेल. 'मीठ नसतं तरी हायपो लागला असता का?' हा आपला प्रश्न इथे 'आयोडीन नसतं तरी गलगंड उतरला असता का?' असा झाला. शंकूपात्रात जे काम शुद्ध सोडियम क्लोराइडनं केलं, तेच कांग्रा खोऱ्यात एका अख्ख्या विभागानं केलं.

वर्गात काय करता येईल?

मुलांना आपापल्या घरचं मीठ आणायला सांगा. बंद पिशवीतलं, उघड्या बरणीतलं, चुलीजवळ ठेवलेलं, जाडं मीठ, बारीक मीठ. तीन गट करा आणि एकाच मिठाचे नमुने तिघांना वेगवेगळे क्रमांक घालून द्या. एका गटाची वाचनं दुसऱ्याला कळू देऊ नका. एका बाटलीत तुम्ही स्वतः मोजून आयोडेट घातलेलं मीठ ठेवा, पण कोणत्या ते सांगू नका. कोरी चाचणी आणि हायपोचा कस प्रत्येक गटानं स्वतः करायचा.

वाचनं शाईनं लिहायची, खोडरबर प्रयोगशाळेबाहेर. एखाद्या मुलीच्या तक्त्यात १.४, १.७, १.५ असं दिसलं तर तिला ती पुन्हा लिहायला लावू नका. १.७ का आलं ते तिच्याबरोबर शोधा : अंत्यबिंदू ओलांडला, ब्युरेटच्या तोटीत बुडबुडा राहिला होता, की दहा मिनिटांऐवजी पात्र अर्धा तास बाहेर उजेडात होतं? कारण सापडलं तर ते तक्त्याच्या शेजारी लिहायचं. नाही सापडलं तर चौथं वाचन घ्यायचं आणि चारही वाचनं वहीत ठेवायची.